कोचीच्या डच घरांवरचं व्याख्यान: ऐकाच, पण पुढे बसा

ग्रुपवर पोस्टर फिरत होतं ना, कोचीच्या डच घरांवर व्याख्यान म्हणून, ते रविवारी कोथरूडला ऐकून आले. तिकीट दोनशे, चहा त्यातच. पैसे शंभर टक्के वसूल.

बोलणाऱ्या मॅडम आर्किटेक्ट आहेत, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतात, त्यामुळे सनावळ्या कमी आणि भिंती-छपरं जास्त. सुरुवातच मट्टनचेरीच्या डच पॅलेसने केली, जिथे आपले सगळे टूरवाले नेतात, आणि सांगितलं की तो डचांनी बांधलेलाच नाही! पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास कोचीच्या राजाला बांधून दिला, डचांनी १६६३ मध्ये कोची घेतल्यावर डागडुजी केली आणि नाव यांचं चिकटलं. नकाशा लावला तर मधे चौक, चारी बाजूंनी खोल्या, चौकात देवीचं देऊळ, मागून एक काका म्हणाले "अहो हा तर आपला चौसोपी वाडा", आणि खरंच की हो.

मग खरं डच घर, फोर्ट कोचीतलं डेव्हिड हॉल, साधारण १६९५ चं. जाड भिंती, वर लांबच लांब लाकडी तुळया आणि कौलारू उतरतं छप्पर. छपराबद्दल मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली, की जुन्या घरावर मंगलोरी कौलं दिसली तर ती नंतर चढलेली समजायची, कारण त्या कौलांचा कारखानाच बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये काढला. आता कोकणात गेले की मी आधी छपरंच बघणार.

हे घर गाइड लोक फान रेडे या डच गव्हर्नरशी जोडतात, पण तो १६९१ मध्येच मुंबईजवळ समुद्रात वारला आणि सुरतेत पुरला, म्हणजे तारखा जुळत नाहीत. माणूस मात्र मोठा. मलबारच्या झाडापाल्यावर त्याने 'हॉर्टस मलबारिकस' हा १२ खंडांचा ग्रंथ करून घेतला, त्यात इट्टी अच्युतन वैद्यांची माहिती आहे, शिवाय रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोकणी वैद्यांची. त्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलेला दाखला ग्रंथात नागरी लिपीत छापलाय! ते पान पडद्यावर आलं आणि सगळा हॉल पुढे वाकून एकेक अक्षर लावत बसला, शेजारच्या काकूंनी तर चष्मा बदलून वाचलं. शिवाजी महाराजांच्या हयातीत आपल्या बाजूच्या माणसांनी लिहिलेला कागद ॲम्स्टरडॅमच्या पुस्तकात, मला अक्षरशः भरून आलं.

तक्रार एकच, हॉलची. पडदे पातळ, सकाळचं ऊन थेट स्क्रीनवर, त्यामुळे तुळयांच्या सांध्यांचे फोटो मागच्यांना काहीच दिसले नाहीत आणि बॅस्टियन बंगल्याचं तर वाटोळंच झालं. १६६७ चा बंगला, किल्ल्याच्या बुरुजावर बांधलेला, पुढे लाकडी व्हरांडा, त्याला जेमतेम दोन मिनिटं. आयोजकांनी हे संध्याकाळी ठेवावं आणि अर्धा तास वाढवावा, आम्ही पन्नास रुपये जास्त देऊ.

पुढच्या महिन्यात याच मॅडम विश्रामबागवाड्यात फिरवणार आहेत, दुसऱ्या बाजीरावाचा १८०७ चा वाडा, लाकूडकाम हाताशी बघता येईल. कोचीची तिकिटं काढली असतील त्यांनी तर आधी हे दोन्ही कराच. नाव लवकर द्या, पंचवीसच जणांना घेतात.