‘उलटा धर रे!’ – टायरच्या दुकानात 10,200 ला गंडलो, तुम्ही गंडू नका

लिहू का नको हे दोन महिने चाललं होतं, कारण लाज वाटते राव. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर काम काय, तर कास्टिंग हातात घ्यायचं, त्याच्यावरचा हीट नंबर वाचायचा, कुठल्या दिवशीचं ओतकाम ते रजिस्टरला लिहायचं, नंबर दिसला नाही की माल बाजूला. अशा माणसाला टायर बनल्याची तारीख न दाखवता चार टायर विकले.

गाडी आल्टो 800, टायरचं माप 145/80 आर 12. कंपनीतून आलेले 46 हजार किलोमीटर गेले, त्याच्यानंतरचे 38 हजारावर होते. नवीन टाकायच्या आधी ऑफिसात आठ दिवस नुसती चर्चा, एकजण म्हणतो एमआरएफच टाक, दुसरा म्हणतो अपोलो मऊ चालतो, तिसऱ्याला सिएटशिवाय काही दिसतच नाही. माझा स्वतःचा अनुभव असा की मऊ रबर घाटात आणि पावसात चांगलं धरतं पण लवकर झिजतं, कडक रबर जास्त चालतं पण ओल्या रस्त्याला जोरात ब्रेक मारला की काळजात धस्स होतं. एवढा सगळा अभ्यास केला आणि शेवटी बघायची ती गोष्ट बघितलीच नाही.

दिवाळीच्या आधी चार दिवस हायवेला हवा भरायला थांबलो. पुढचा सगळा प्रकार तुम्हाला माहीतच आहे, साबणाचं पाणी मारलं, पाच ठिकाणी बुडबुडे. हवा भरणाऱ्या पोराच्या हातात टोच्या होता, म्हणजे भोकं त्यानंच पाडलेली, हे मला रात्री अंथरुणात आठवलं. पाच पंक्चरचे 120 प्रमाणे 600 दिले. वर त्यानंच सांगितलं, “दादा, टायर संपलेत, सणासुदीचं रिस्क नको, माझ्या ओळखीचं दुकान आहे, माझं नाव सांगा.” आणि मी गेलो. मला जायलाच नको होतं, पण पोरं गाडीत असतात हो, पाच पंक्चर ऐकल्यावर कुणाचंही डोकं चालत नाही.

दुकान शहरातच, चांगलं चकाचक, नाव घेत नाही. मालक गोड बोलणारा. “साहेब, 22 सप्टेंबरपासून जीएसटी 28 चा 18 झालाय, म्हणून तीन हजाराचा टायर 2,650 ला देतो.” जीएसटी उतरला हे पेपरात वाचलेलं, त्यामुळं मला तो माणूस खराच वाटला. चार टायरचे 10,600, जुन्याचे 1,200 वजा, अलाइनमेंट बॅलन्सिंग 650, व्हॉल्व्हचे 240. झाले 10,290, वरचे 90 सोडले. त्या 90 रुपयांवर मी खूश, घरी फोन करून सांगितलं पण. माझे जुने टायर नीट बघितले असते तर अजून चार-पाच हजार किलोमीटर आरामात गेले असते, ते 300 ला एक असे त्याच्या घशात घातले.

आता तो क्षण. मी स्टुलावर बसून चहा पितोय. पोरगा पहिला टायर डिस्कवर चढवायला घेतो आणि मालक काउंटरवरून ओरडतो, “ए, उलटा धर रे! किती वेळा सांगायचं!” पोरानं टायर फिरवला. आणि मी काय विचार केला माहिती आहे? की बाबा मालकाचं किती बारीक लक्ष आहे! अरे टायरची तारीख एकाच बाजूला असते, टायरवर ‘DOT’ (डीओटी) अशी अक्षरं असतात त्याच्या पुढं शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. दुसऱ्या बाजूला नंबर अर्धाच असतो. त्यानं चारही टायरची तारखेची बाजू आत घालून घेतली, माझ्यासमोर, मी चहा पीत असताना. बरं मी विचारलंच नाही असं नाही, “तारीख कुठली रे?” असं पोराला विचारलेलं, तो म्हणाला “नवाच माल हाय दादा, तारीख आत असती.” आत असती! असती म्हणजे काय, तूच घातलीस की. आणि मी “बरं” म्हणालो. टायरला हात लावला तर बोटं काळी झाली, तेव्हा पण मला वाटलं नवीन रबर आहे. नवीन रबरानं बोटं अशी चिकट काळी होत नाहीत, पॉलिशनं होतात.

पैसे क्यूआरवर टाकले तर नाव दुकानाचं नाही, कुण्या बाईचं. बिल मागितलं तर वर ‘एस्टिमेट’ छापलेला कागद, त्यावर ‘टायर नग 4’, बास. जीएसटी कमी झाला म्हणून स्वस्त दिला आणि जीएसटीचं बिलच नाही, ही कसली गंमत. पक्कं बिल, बिलावर टायरचा सिरीयल नंबर, हे नसेल तर वॉरंटी मागायला गेल्यावर अडचण येऊ शकते, लिहून ठेवा.

नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला गेलो. साठ-सत्तरला स्टेअरिंग थरथरत होतं, रस्ता खराब म्हणून सोडून दिलं. येताना आंबा घाट चढून आलो, मलकापूरच्या पुढं गाडी डावीकडं ओढायला लागली. बांबवड्यात एक म्हातारे पंक्चरवाले मामा भेटले, त्यांनी पुढचं चाक काढलं, आडवं केलं, टॉर्च मारला आणि गप्पच बसले. साइडला लिंबाएवढं टेंगूळ. मग आतली बाजू फडक्यानं पुसली, “पाव्हणं, ह्यो नवा म्हणून दिला व्हय तुम्हास्नी?” 3819. म्हणजे 2019 चा अडतिसावा आठवडा. सहा वर्षं गोडाऊनला पडलेला टायर, खाचा पूर्ण असल्यामुळं वरून नवाकोरा दिसतो, पण साइडवॉल वाकवली की केसासारख्या भेगा. मामांनी माझंच नख धरून रबरावर दाबलं, रुतेना. दोन टायर 3819, एक 0718, आणि चौथा काढला तर आत मशरूम पॅच! नवीन टायरला आधीच पंक्चर काढलेलं. तो तर सरळ वापरलेला, खाचा कोरून पॉलिश मारलेला. खाचेत टायर किती झिजला ते दाखवणारी पट्टी असते ना, 1.6 मिलिमीटरवाली, ती पण कोरताना अर्धी उडवलेली. मामांनी स्टेपनी लावून दिली, 60 रुपये घेतले, चहा त्यांनीच पाजला. टायर कंपनीचा ह्यात काही दोष नाही, तिनं 2019 ला चांगलाच बनवला असणार.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. “आमचा माल कशावरून? बदलला असंल तुम्ही वाटेत.” वाटेत! गणपतीपुळ्याला काय मी टायर बदलायला गेलो होतो?

मग सरकारी चक्कर सुरू. चौकीत साहेबांनी कागद बघितला, म्हणाले ही दिवाणी बाब, आणि तुम्ही बघून घेतलाय ना? वर त्यांनी मला विचारलं त्यांच्या गाडीला कुठला टायर बरा. मी सांगितला पण, काय करणार. वजनमापवाले म्हणाले आमच्याकडं वजन आणि माप, टायर मोजून चारच दिलेत ना? टॅक्सवाल्या ऑफिसात गेलो तर बिल नाही म्हणजे विक्री झाली हे कसं धरायचं! अहो बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! अजून एका ऑफिसात, जिथं गाड्यांचंच काम चालतं, तिथं सांगितलं की टायर गुळगुळीत असला तर आम्ही दंड करू. कुणाला? मला! ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, एकोणीस दिवसांनी मेसेज, समोरून प्रतिसाद नाही, आयोगात जा. चार दिवस रजा गेली, प्रत्येक ठिकाणी झेरॉक्स वेगळी, आणि प्रत्येकजण मला असं बघतोय की चूक माझीच.

ग्राहक आयोगात 5 लाखापर्यंतच्या मालाला फी नाही, वकील नसला तरी चालतं, आणि 2 वर्षांच्या आत जायचं असतं, हे मला एकाही टेबलावर कुणी सांगितलं नाही, मीच शोधलं. अर्ज करणार आहे. क्यूआरचा स्क्रीनशॉट आणि टायरचे चारही फोटो ठेवलेत. तुम्ही फोटो टायर चढवायच्या आधी काढा, रिमवर बसल्यावर आतला नंबर गाडीखाली झोपून बघावा लागतो.

नवीन चार घेतले, पक्क्या बिलानं 11,480. त्या दुकानातले चार जिन्याखाली पडलेत, बायको म्हणते कोथिंबीर लावू.

परवा त्याच रस्त्यानं स्कूटरवरून चाललेलो. दुकानात जॅकवर वॅगनआर, स्टुलावर एक काका, हातात चहा. राहवलं नाही, थांबलो, म्हटलं काका, तारीख बघून घ्या हं. काकांनी मला खालून वर बघितलं आणि मालकाला विचारलं, “ह्यांचं पण टायरचंच दुकान हाय काय?”