वाड्यात टिकायचं की कुंभारीला जायचं?
सोलापूरच्या पूर्व भागात वाडा पाडून फ्लॅट उठायची बोलणी सुरू झाली की भाडेकरूंपुढे दोन वाटा. एक, सगळ्यांनी मिळून अडून बसायचं. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा पाठीशी आहे. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक. पण आपल्याकडे पावती मागितली की मालकाचं तोंड वाकडं!

दुसरी, संघटनेतून स्वतःचं घर. विडी कामगार बायकांनी शहराबाहेरच्या कुंभारी गावात २००६ साली गोदूताई परुळेकर वसाहतीची १० हजार घरं मिळवली. मग तिथंच असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचं रे नगर. त्यातली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये सुपूर्द झाली. घर नावावर होतं, हे मोठंच. पण यंत्रमागाची पाळी शहरात, रिक्षाभाडं रोजचं. मांडीवर सूप घेऊन विड्या मात्र कुठल्याही उंबऱ्यावर वळता येतात. म्हणून विडीवालीनं खुशाल कुंभारी गाठावी. यंत्रमागवाल्यानं आधी ट्रंकेतल्या पावत्या शोधाव्यात.