उतारावरून सपाटीवर: १९९४ च्या एमएम ५४० जीपसोबत एक हिवाळा

आमच्या घरासमोर रस्त्याला थोडा उतार आहे आणि गेली अठरा वर्षे आमची जीप तिथेच उभी असायची. पुढच्या चाकाला जांभ्याचा दगड आणि तोंड शेताच्या दिशेला. पहाटे दगड काढायचा, दुसरा गिअर टाकून क्लच दाबून ठेवायचा, गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा आणि विहिरीच्या वळणापर्यंत इंजिन चालू होते का, ते पाहायचे. झाले नाही तर शेजारच्या दोघांना अंथरुणातून उठवून गाडी परत वर ढकलत आणावी लागे. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात हा प्रसंग क्वचित येई; डिसेंबर-जानेवारीत मात्र आठवड्यातून तीन वेळा तरी ठरलेला. जुनी डिझेल गाडी आहे, थंडीत असेच व्हायचे, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते. गेल्या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत या गाडीवर जी कामे केली आणि त्यांसह जे सुमारे ३,४०० किलोमीटर चालवले, त्याचा हा अनुभव आहे.

गाडी महिंद्राची एमएम ५४०, १९९४ ची. इंजिन प्यूजोच्या रचनेचे, एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एकूण २,११२ सीसी. टर्बो नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, चारही चाकांना पाटे आणि ड्रम ब्रेक. वडिलांनी २००६ मध्ये ती जुनीच घेतली. आमचे गाव खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्याला. बेळगाव शहरात हिवाळ्यात पहाटेचा पारा साधारण १० ते १४ अंशांच्या दरम्यान असतो. आमच्याकडे रानालगत तो त्याहून खाली जातो आणि यंदा गोठ्यातल्या तापमापकावर मी ९ अंशही पाहिले. बर्फाच्या प्रदेशातील माणसाला ही थंडी वाटणारही नाही. परंतु आमच्या फीडरला थ्री फेज वीज पहाटेच्या पाळीत असली की चार-साडेचारला पंपावर हजर राहावे लागते, आणि उसाला पाणी सोडलेले असल्यामुळे शेतापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर ऐन थंडीत चिखलाचा असतो. आमच्या भागात फोर व्हील ड्राइव्हची खरी गरज पावसाळ्याइतकीच हिवाळ्यातही पडते, ती या पाण्यामुळे आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमुळे.

या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी इंजिनाच्या डोक्यातल्या, म्हणजे सिलिंडर हेडमधल्या, एका लहानशा पोकळीत फवारले जाते. दाबामुळे तापलेल्या हवेची बरीचशी उष्णता त्या पोकळीच्या थंड भिंती शोषून घेतात, म्हणून अशा इंजिनाला चालू होताना हीटर प्लगची, म्हणजे विजेने तापून ती पोकळी गरम करणाऱ्या कांडीची, मदत लागतेच, आणि ती केवळ कडाक्याच्या थंडीत लागते असे नाही. आमच्या गाडीचे प्लग कोणत्या काळी मेले, हे कोणालाच आठवत नव्हते. मिस्त्रींना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "हिकडं थंडी कुठं पडत्या मालक, हीटर घिऊन काय करणार? दोन ढकलं दिलं की चालू होतंय की." अडल्यावेळी ते हवेच्या नळीशी पेट्रोलचा बोळा धरत. हा उपाय मी स्वतः कित्येकदा केला आहे आणि तो कोणीही करू नये, असे आता स्पष्टपणे लिहितो, कारण चालू अवस्थेतल्या हीटर प्लगसमोर पेट्रोलची वाफ गेली तर भडका आत येणाऱ्या हवेच्या वाटेतच होऊ शकतो.

मी चारही प्लग नवे आणले, स्वस्तातले. पहिल्या तीन आठवड्यांत दोन जळाले आणि त्यांतील एकाचे टोक असे फुगले होते की तो बाहेर काढताना डोके उघडावे लागते की काय, अशी धास्ती वाटली. दुसऱ्यांदा चांगल्या प्रतीचे प्लग बसवले, प्रत्येकी ४५० रुपयांचे, तरीही पहाटे गाडी आळसच करत होती. तेव्हा पुतण्याने त्याच्या कॉलेजातला मल्टिमीटर आणला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट. हीटर चालू असताना बॅटरीवर ११.६, आणि चारही प्लगना वीज देणाऱ्या पट्टीवर अवघे ९.१. म्हणजे अडीच व्होल्ट वाटेतच गायब होते. चार प्लग मिळून चाळीस-पन्नास अँपिअर ओढतात. एवढ्या प्रवाहाला वाटेत ओहमच्या विसाव्या भागाइतका अडथळासुद्धा दोन-अडीच व्होल्ट खाऊन टाकायला पुरतो. प्लगची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ११.६ ऐवजी ९.१ मिळाले की उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते. नवे प्लग घालूनही फरक का पडत नव्हता, ते या एका आकड्याने उलगडले.

अडथळा कुठे आहे, ते मात्र मीटरआधी हातानेच कळले. सलग तीन-चार वेळा स्टार्टर मारल्यावर पुतण्याने सहज ॲक्सिलरेटरच्या केबलवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. केबल चहाच्या कपासारखी गरम होती. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते आणि त्याचे अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची वाट, चासीपर्यंत नेणारी विणलेली तांब्याची पट्टी खाली असते. ती पट्टी सडली की परतीच्या विजेला दुसरी वाट शोधावी लागते आणि आमच्याकडे ती वाट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून निघाली होती. गाडीखाली आडवे होऊन पाहिले तर पट्टीवर तीस वर्षांच्या ग्रीसचा आणि लाल मातीचा थर, आणि तो खरवडला तर आत हिरवी भुकटी. बोटाने दाबताच तिचे तुकडे हातात आले. शिवाय पट्टीचा बोल्ट मध्यंतरी कोणीतरी केलेल्या रंगावरच आवळलेला होता, म्हणजे धातूला धातू नीट लागतच नव्हता.

उद्यमबागेतील एका वर्कशॉपमधून जाड केबलच्या टोकांना तांब्याचे थिंबल, म्हणजे बोल्टखाली बसणारे कडे, दाबून घेतले. बॅटरी ते चासी, चासी ते इंजिन आणि बॅटरी ते स्टार्टर अशा तीन नव्या केबली बसवल्या, जोडाच्या प्रत्येक जागी पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला आणि आवळल्यानंतर वरून व्हॅसलीन लावले. प्लगचा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून जात होता, तो वेगळ्या रिलेवर, म्हणजे थोड्या विजेने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, घेतला. सगळा खर्च १,८०० रुपये. त्यानंतर प्लगच्या पट्टीवर ११.२ व्होल्ट मिळू लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे १० अंशांत पंधरा सेकंद हीटर दिला आणि पहिल्याच स्टार्टरला इंजिन लागले. धूर पांढरा आला, पण अर्ध्या मिनिटात विरला. आवाज ऐकून आई दारात आली आणि "कोणी ढकलली?" असे तिने विचारले.

बॅटरी नंतर बदलली, ८० अँपिअर-अवरची, ७,४०० रुपयांना. तिचे श्रेय मला वेगळे काढता येत नाही, कारण जुनी बॅटरीही नव्या केबलींवर दोन आठवडे व्यवस्थित चालली होती. आधी बॅटरी बदलली असती तर तेवढे पैसे गेले असते आणि दगड होता तिथेच राहिला असता, असे मला वाटते. इंजिन ऑइलही २०डब्ल्यू-४० वरून १५डब्ल्यू-४० केले. पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा असतो आणि तो जितका लहान तितके थंड इंजिन फिरवायला सोपे. परंतु आमच्या तापमानात हा फरक कानाला किंवा हाताला जाणवला, असे मी म्हणणार नाही.

थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची, गोष्ट मात्र आवर्जून सांगावी अशी आहे. गाडी घाटात गरम होते म्हणून कोणे एके काळी तो काढून टाकला होता. ही आपल्याकडची सार्वत्रिक रीत आहे आणि उन्हाळ्यात तिचा तोटा लक्षात येत नाही. हिवाळ्यात मात्र रेडिएटरमधून पाणी पहिल्या मिनिटापासून फिरत राहते आणि इंजिन वीस किलोमीटर गेले तरी कोमटच असते. डिझेल पुरते जळत नाही, धूर येतो आणि ऑइलमध्ये काजळी वाढते. ८२ अंशांना उघडणारा नवा थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटर आतून साफ करून घेतला आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरले. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही. कूलंट हवे ते गंज थांबवण्यासाठी. चोर्ला घाट दोनदा चढलो, दोन्ही वेळा काटा स्थिर राहिला. म्हणजे गाडी गरम होण्याचे मूळ तुंबलेल्या रेडिएटरमध्ये होते आणि शिक्षा थर्मोस्टॅटला झाली होती. सरासरी लिटरला दहाच्या थोडी आत होती, ती अकरावर आली. अर्थात यात चार महिन्यांच्या माझ्या सावध चालवण्याचाही वाटा असणार.

दिव्यांचा प्रश्न वेगळा असला तरी कारण तेच निघाले. नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस चालतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर तो लोंबणाऱ्या पाल्याने झाकलेला, आणि मलप्रभा नदीच्या खोलगट भागात त्यावर धुके. आमच्या हेडलाइटचा उजेड लग्नाच्या मांडवातल्या शेवटच्या बल्बसारखा पिवळट होता. सर्वजण जास्त वॅटचे बल्ब घाल म्हणत होते. मीटर लावला तेव्हा बल्बपाशी १०.५ व्होल्ट मिळाले. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. बारा व्होल्टच्या जागी साडेदहा मिळाले तर उजेडाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग जातो. तेच ६०/५५ वॅटचे बल्ब ठेवून दोन रिले आणि जाड वायर घातली, खर्च ९०० रुपये, आणि रस्ता नवा वाटू लागला. शंभर वॅटचे बल्ब जुन्या वायरिंगवर चढवले असते तर ती वितळलीच असती.

हौसेने घेतलेला छपरावरचा एलईडी बार मात्र दहा दिवसांत काढला. कोरड्या रात्री तो दिवसासारखा उजेड पाडतो. धुक्यात तोच उजेड परत येऊन डोळ्यांपुढे पांढरी चादर ताणतो. त्याच्याऐवजी बंपरच्या खाली, गुडघ्याहून कमी उंचीवर, दोन पिवळे फॉगलाइट बसवले. पिवळा रंग धुके कापतो, हा समज बराचसा चुकीचा आहे. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की त्यांच्यापुढे रंगाने फारसा फरक पडत नाही. खरा उपयोग दिवा खाली असण्याचा आणि त्याचा झोत वरून कापलेला असण्याचा होतो. कणकुंबीजवळ एका पहाटे या दिव्यांत मला आधी रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दिसली, मग रेघेवर टेकलेले ट्रॉलीचे चाक, आणि ट्रॉली त्यानंतर. त्याच आठवड्यात आमच्या स्वतःच्या ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर पट्ट्या चिकटवल्या.

टायरच्या बाबतीत मी चुकलो, हे कबूल करतो. ६.००-१६ चे जुने अरुंद टायर काढून पंधराच्या रिमवर २३५/७५ आर १५ चे रुंद टायर चढवले. रिमसह ४४,००० रुपये गेले, म्हणजे वर लिहिलेल्या सगळ्या कामांच्या बेरजेहून कितीतरी अधिक. उंची जवळपास तेवढीच असल्याने स्पीडोमीटर फारसा बिघडला नाही, गाडी दिसतेही देखणी, आणि डांबरी रस्त्यावर पकड निश्चित सुधारली. परंतु पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीला शेताच्या बांधावर वळवताना आता दंड भरून येतात, आणि उसाच्या वाटेवरच्या वरवरच्या चिखलात जुने अरुंद टायर खालचा कठीण थर गाठत, तिथे हे रुंद टायर वरच तरंगतात आणि खाचांत माती भरून गुळगुळीत होतात. वाळूसाठी हे टायर उत्तम असतील. आमच्याकडे वाळू नाही. हवा २६ वरून १८ पीएसआयवर आणली की फरक पडतो, पण पहाटे काळोखात चार चाकांची हवा सोडायची आणि परत भरायची, हे रोजचे काम होऊ शकत नाही. जुने रिम विकले नव्हते, एवढे बरे झाले.

किरकोळ बाबींत, पुढच्या चाकांचे लॉकिंग हब (फोर व्हील ड्राइव्हसाठी चाके जोडणारे खटके) उघडून जुने, मेणासारखे घट्ट झालेले ग्रीस काढले आणि नवे भरले. आता ते पकडीविना हाताने फिरतात. समोरच्या काचेवर आतून धरणारी वाफ अजून त्रास देते. या गाडीला गरम हवेची सोय नाही, त्यामुळे बाजूचे पडदे थोडे उघडे ठेवून थंडी सहन करणे आणि मांडीवर घोंगडी घेणे, हाच तोडगा राहतो.

जानेवारीपासून जीप गोठ्याजवळच्या सपाट जागेत उभी असते. जांभ्याचा दगडही तिथे आणून ठेवला आहे, कारण हँडब्रेक अजून धरत नाही आणि ते काम उन्हाळ्यावर टाकले आहे.