पॉटी खुर्ची: आठ महिने वापरल्यानंतर

लेक बावीस महिन्यांची झाली तेव्हा एकदमच दोन वस्तू घेतल्या. कमोडवर ठेवायची गादीवाली रिंग आणि जमिनीवर ठेवायची प्लॅस्टिकची पॉटी खुर्ची. आता ती अडीच वर्षांची आहे.

रिंग पंधरा दिवसांत माळ्यावर गेली. वर बसवलं की तिचे पाय लोंबकळायचे, माझी ओढणी मुठीत घट्ट धरून ती अंग आखडून घ्यायची. जोर लागायला पाय टेकलेले हवेत आणि गुडघे जरा वर. सासूबाई ती सहा महिन्यांची असल्यापासून मोरीत पाय पसरून बसायच्या, आपल्या पायांवर तिला टेकवायच्या आणि 'स्सूऽऽ' करायच्या. त्यात हे सगळं आपोआप होत होतं. रिंगच घेणार असाल तर पायाखाली स्टूल हवंच.

खुर्चीवर पाय जमिनीला टेकतात, म्हणून ती टिकली. शू पडली की वाजणारं गाणं मात्र नको होतं. पहिल्याच दिवशी ती दचकून मध्येच थांबली, मी लगेच सेल काढून टाकले. भांडं बाहेर निघतं, पण त्याच्या काठाखालच्या खाचेत शू साचते आणि दोन दिवसांत वास मारते. जुन्या टूथब्रशने घासावं लागतं. घेताना काठाखाली बोट फिरवून बघा.

तिसऱ्या महिन्यात सगळं अडलं. एकदा शी खडा झाली, दुखलं, आणि तिने धसकाच घेतला. पडद्यामागे जाऊन टाचा उचलून, पाय आवळून, लालबुंद होऊन उभी राहायची. आम्हाला वाटायचं जोर लावतेय. डॉक्टर म्हणाले, नाही, ती शी रोखून धरतेय. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणलं, पपई आणि भिजवलेल्या मनुका सुरू केल्या, शी मऊ करणारं औषध दिलं आणि पॉटीचा विषयच बंद केला. पाच आठवडे ती डायपरमध्येच शी करत होती. 'एवढी मोठी झाली, अजून डायपर?' असं येणारा-जाणारा विचारायचा, तेव्हा फार लागायचं. तरी मी तिला बसवलं नाही, आणि तेच बरोबर होतं असं मला आज ठामपणे वाटतं. तुमचं मूल असं रोखत असेल तर खुर्ची बदलू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

नंतर सकाळच्या नाश्त्यावर पुन्हा सुरुवात केली. पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात, त्यामुळे तेव्हा बसवलं की बहुतेक वेळा होतं. पाच मिनिटं, झालं तर झालं, नाहीतर उठायचं. एके दिवशी स्वतःच चड्डी खाली ओढत आली आणि म्हणाली, "आई, शी आली."

रात्रीचा डायपर अजून आहे. रात्री कोरडं राहणं शिकवून येत नाही, ते शरीराच्या वाढीबरोबर येतं, म्हणून त्याची घाई नाही. गणपतीला गावी जाताना खुर्ची सोबत नेणार आहे. तिथलं भारतीय पद्धतीचं भांडं तिच्या पायांना अजून रुंद पडतं.