टाइम लिमिट नसलेले डाव: साइट चांगली, पण अर्धवट डावांचं करायचं काय?

दीड वर्ष झालं ही बुद्धिबळाची साइट वापरतोय, नाव घेत नाही. बोर्ड मस्त, मोबाईलवर अडकत नाही, पझल्स फुकट. माझं दुखणं वेगळंच आहे, ते म्हणजे 'नो टाइम लिमिट' वाले डाव.

मी हा ऑप्शन मुद्दाम घ्यायचो, म्हणजे सवड मिळेल तशी चाल खेळायची, घड्याळाची कटकट नको. सुरुवातीला झकास चाललं. एक जण आठवड्याला एकच चाल खेळायचा पण न चुकता खेळायचा, आणि शेवटी त्याने मला रीतसर हरवलं, मजा आली.

मग लोक गायब व्हायला लागले. बघता बघता माझ्या लिस्टमधल्या 10 डावांपैकी 7 मेलेले. एकात तर समोरच्याला शह आहे, त्याच्याकडे एकच चाल उरलीये, राजा कोपऱ्यात सरकवायचा, की पुढच्या चालीला माझी मात. ती चाल सात महिने झाले होत नाहीये! परवा बघतो तर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका, साहेब निवांत ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) खेळतायत. मेसेज टाकला, "भाऊ एवढी एक चाल खेळून टाक ना", वाचला आणि गप्प. रडीचा डाव दुसरं काय.

बरं पडून राहू दे म्हणावं तर एका वेळी 10 च डाव चालू ठेवता येतात, म्हणजे मेलेल्या डावांनी जागा अडवलीये. बटण एकच, रिझाइन. जिंकत आलेला डाव मीच सोडायचा आणि वर रेटिंगही माझंच जाणार. सपोर्टला विचारलं तर म्हणे लिमिट नको हे तुम्हीच निवडलं होतं. खरंय, पण मी लिमिट नको म्हटलेलं, शेवटच नको असं नाही ना.

लिचेस या दुसऱ्या बुद्धिबळ साइटवर लाइव्ह डावात समोरचा निघून गेला तर थोड्या वेळाने विजय किंवा बरोबरी क्लेम करता येते. आणि पोस्टाने चाली पाठवायचे तेव्हाही दिवसांचा हिशोब असायचाच, आता पत्राने खेळायच्या बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे आयसीसीएफच्या, ऑनलाइन सर्व्हरवरही 10 चालींना 50 दिवस हे गणित कितीतरी वर्षं चाललंय. संथ खेळणं वेगळं, पळून जाणं वेगळं.

लगेच हरवा असंही माझं म्हणणं नाही, माणूस आजारी असू शकतो, अडचणीत असू शकतो. महिनाभर चाल नाही आली तर आधी त्याला नोटिफिकेशन द्या, तरी हलला नाही तर थांबलेल्याला ठरवू द्या, बरोबरी घ्यायची, विजय मागायचा की डाव बाजूला टाकायचा. दोन-तीन चालींत सोडलेले डाव तर सरळ रद्द करा, रेटिंगला हात न लावता.

5 पैकी अडीच स्टार, तेही बोर्डसाठी. नवीन डाव आता चालीला 3 दिवस लावूनच टाकतो. जागा करायला दोन डाव रिझाइन केले, 16 पॉइंट गेले, बाकीचे पाच तसेच पडलेत.