टर्कीचा खिमा: काही महिन्यांच्या वापरानंतर, गोव्यातल्या चुलीवरून

निकाल आधीच सांगायचा तर टर्कीचा खिमा रोजच्या जेवणाला चांगला चालतो, पण मटणाच्या खिम्यासारखा शिजवलात तर ताटात भुसा पडतो. मटणात चरबी असते, ती वितळून मसाल्यात उतरते आणि चुका झाकते. टर्की काही झाकत नाही. ज्यांना ती बेचव वाटते, त्यांनी बहुतेक वेळा नुसता ब्रेस्टचा खिमा कुकरला लावलेला असतो.

तेव्हा खरेदी करताना पहिला प्रश्न भाग कुठला हा. अख्खी टर्की गोव्यात प्रामुख्याने नाताळाच्या सुमारास दिसते. एरवी मोठ्या सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये गोठवलेलं पाकीट मिळालं तर मिळालं. अमेरिकी पाकिटांवर ९३/७ किंवा ८५/१५ असे आकडे असतात. त्यांतला दुसरा आकडा चरबीचा, म्हणजे ९३/७ मध्ये १०० ग्रॅमला ७ ग्रॅम. ९९ टक्के चरबीमुक्त लिहिलेलं पाकीट डाएटवाल्यांना बरं वाटतं, कढईत मात्र तेच सर्वांत आधी कोरडं पडतं. आकडा नसेल आणि खिमा फिका गुलाबी असेल तर तो ब्रेस्टचा समजा, गडद असेल तर मांडीचा. अख्ख्या पक्ष्याचा खिमा करून घेणार असाल तर मांडीचं मांस कातडीसकट जाड जाळीतून एकदाच काढायला सांगा. तंगडीचा खालचा भाग त्यात नको. त्यातल्या शिरा हाडासारख्या कडक असतात आणि दाताखाली येतात.

आता परतणं. सगळा खेळ इथेच आहे. ५०० ग्रॅम खिम्याला पाव ते अर्धा छोटा चमचा खायचा सोडा २ मोठे चमचे पाण्यात विरघळवून चोळा आणि १५ मिनिटं ठेवा. सोड्याने मांसातली प्रथिनं तापल्यावर एकमेकांना घट्ट आवळत नाहीत, त्यामुळे पाणी आत राहतं. अर्ध्या चमच्याच्या वर गेलात तर साबणासारखी चव येते. मग रुंद लोखंडी तवा किंवा जाड कढई चांगली तापवा, २ मोठे चमचे तेल घाला आणि अर्धाच खिमा पसरा. पसरलात की हात मागे. तीन-चार मिनिटं ढवळायचं नाही. खालची बाजू तपकिरी झाली, कडा सुटल्या, की उलथन्याने उलटा आणि मग फोडा. उरलेला अर्धा दुसऱ्या घाण्यात. पूर्ण ५०० ग्रॅम लहान भांड्यात एकदम ओतला की त्याचं पाणी सुटतं, तवा थंड पडतो आणि खिमा भाजण्याऐवजी उकडतो. करडा रंग आणि कोंबडीच्या सूपासारखा वास आला की समजायचं की हेच झालंय. अशा वेळी मसाला वाढवून उपयोग नसतो. आच मोठी करून पाणी आटवा, मगच पुढे जा.

हा परतलेला खिमा शाकुतीच्या (भाजलेल्या नारळाच्या गोवन रश्श्याच्या) मसाल्यात सर्वांत छान बसतो, कारण खिम्यात नसलेली चरबी नारळ पुरवतो. १ वाटी खोवलेला नारळ आणि १ उभा चिरलेला कांदा १ चमचा तेलात मंद आचेवर लालसर भाजा. वेगळ्या तव्यावर ६ सुक्या मिरच्या, १ मोठा चमचा धणे, १ छोटा चमचा खसखस, अर्धा चमचा बडीशेप, ८ मिरी, ४ लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी आणि चक्रीफुलाच्या दोन पाकळ्या गरम करा. काणकोणची खोल्याची मिरची मिळाली तर रंग सुरेख येतो. नारळ काळपट होऊ देऊ नका. बोकडाच्या शाकुतीत थोडा करपट नारळ खपतो, टर्कीत तेवढंच कडू लागतं. सगळं १ वाटी पाण्यात मऊ वाटून खिम्यावर घाला, मीठ, किसलेलं जायफळ चिमूटभर, झाकण, १० ते १२ मिनिटं मंद आच. चिंचेचा कोळ १ मोठा चमचा शेवटी. उंड्याबरोबर (गोव्याचा गोल पाव) खाणार असाल तर थोडं सुटं ठेवा, भाताबरोबर असेल तर अर्धी वाटी पाणी जास्त.

काफ्रेल या गोव्याच्या चिकनच्या हिरव्या मसाल्याची टिक्की करायची असेल तर पोटात ओल आधीच भरावी लागते. एका पावाचा मगज ३ मोठे चमचे दुधात भिजवून कुस्करा, न पिळता खिम्यात मिसळा. त्यात कोथिंबीर, ४ हिरव्या मिरच्या, ६ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, ८ मिरी, ३ लवंगा, दालचिनी, जिरं आणि १ मोठा चमचा माडाच्या सुरेचं विनेगर यांचं घट्ट वाटण ३ मोठे चमचे. मिक्सरला पाणी घालायचं नाही, विनेगरवरच फिरवा. हे मिश्रण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. मीठ मात्र टिक्क्या वळायच्या अगदी आधी. मीठ घालून अर्धा तास मळून ठेवलात तर मांस चिकट होतं आणि टिक्की सॉसेजसारखी चिवट, टणक लागते. याच कारणाने मळायचंही कमीत कमी. ८ टिक्क्या, दीड सेंटिमीटर जाड, मध्ये अंगठ्याने खळगा, म्हणजे फुगून गोळा होत नाहीत. मध्यम आचेवर प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटं. आतलं तापमान ७४ अंश सेल्सियस झालं की उतरवा. रंगावर विसंबू नका, शिजलेली टर्कीही कधीकधी आतून गुलाबी राहते. स्वस्तातला का होईना, थर्मामीटर घ्या. तो नसला तर लोक भीतीने पाच मिनिटं जास्त ठेवतात आणि टिक्की कोरडी करतात. पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोई, म्हणजे कोंड्याचा पोकळ पाव, उभी कापून त्यात टिक्की, कांदा, लिंबू. एवढं पुरे.

पोटॅटो चॉपमध्ये तर टर्की बीफपेक्षा सोयीची पडते, हे सांगणं काहींना पटणार नाही. सारण थंड झाल्यावर त्यातून चरबी सुटत नाही, त्यामुळे बटाट्याची पारी फाटत नाही. बटाटे सालासकट उकडा आणि गरम असतानाच सोलून कुस्करा, वाफ निघून जाऊ द्या. सारण चमच्याने ओढल्यावर कढईच्या तळाला पाणी दिसता कामा नये. गरम सारण भरलं तर बटाटा सैल होतो आणि चॉप तेलात उघडतो. अंड्यात बुडवून रव्यात घोळवा, थोड्या तेलात तळा.

रेशाद या लाल मिरची-विनेगरच्या मसाल्यातला सुका खिमा पावात भरून चोरीसासारखा, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या सॉसेजसारखा लागतो, मात्र त्याला चोरीस समजू नका. चोरीस डुकराच्या चरबीवर, मिठावर आणि विनेगरवर मुरतं. टर्कीचा कच्चा खिमा मसाला लावून बाहेर टांगणं किंवा वाळवणं धोक्याचं आहे. विनेगरही परतल्यानंतरच घालायचं, आधी घातलं तर भाजल्याचा रंगच धरत नाही.

बिर्याणी, सीख कबाब आणि कुकरच्या शिट्ट्या, हे तिन्ही टर्कीला वर्ज्य. खिमा १५ मिनिटांत शिजतो, त्याला दम कशाला?

साठवणीचं तेवढं सांभाळा. गोठवलेला खिमा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ताटात ठेवून वितळवा, ओट्यावर नको, गोव्याच्या दमट उकाड्यात तर नकोच. वितळल्यावर एक-दोन दिवसांत संपवा. घाई असेल तर २५० ग्रॅमची चपटी पाकिटं करून गोठवलेली असावीत. हवाबंद पाकीट गार पाण्यात बुडवलं की पातळ थर भराभर सुटतो, मात्र मग तो लगेच शिजवायचा. श्रावण-चतुर्थीत पाकीट पडून राहणार असेल तर वर तारीख लिहा, तीन-चार महिन्यांनंतर चव उतरते. पावसात वीज गेली तर फ्रीजर उघडून बघू नका. अर्धा भरलेला स्वतंत्र फ्रीजर दार बंद ठेवून साधारण २४ तास तग धरतो, दोन दारांच्या फ्रीजचा वरचा कप्पा तेवढा वेळ धरत नाही. वीज आल्यावर खिम्यात अजून बर्फाचे कण असतील तर परत गोठवता येतो, मऊ आणि कोमट झाला असेल तर टाकून द्या.

आणि टर्की मिळालीच नाही तर कोंबडीच्या मांडीचा खिमा हीच कृती पाळतो. फक्त सोडा वगळा आणि तेल एका चमच्याने कमी करा.