सेवा हक्क की माहिती अधिकार? अडकलेल्या अर्जासाठी

सरकारी दाखला अडकला की दोन कायद्यांची नावं कानावर येतात: २००५ चा माहिती अधिकार आणि आपल्या राज्याचा २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम. मुलीच्या अधिवास दाखल्यासाठी मी दोन्ही वापरले, म्हणून लिहितोय.

सेवा हक्काचा मार्ग सरळ आहे. अधिसूचित सेवेला मुदत, ती चुकली तर अपील, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. कागद चोख असतील तर सुरुवात इथूनच करावी.

माझं गाडं अडलं ते 'त्रुटी' या शब्दापाशी. मुदत मोजतात ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. भांडुपहून अर्धी रजा टाकून जावं, तर रेशनकार्डाची प्रत अस्पष्ट म्हणून अर्ज परत. ती द्यावी, तर आणखी एक कागद हवा. दर वेळी दिवसांची मोजणी पहिल्यापासून. तीन महिने गेले, आणि कायद्याच्या हिशेबाने एका दिवसाचाही उशीर झालेला नव्हता! अपील करायचं तरी कशावर?

मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज केला. 'दाखला का देत नाही' असं विचारलं नाही, कारण या कायद्यात मिळतं ते कागदावर असलेलंच. अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय शेरा मारला त्याची प्रत आणि फाइल प्रत्यक्ष पाहू द्यावी, एवढंच मागितलं. महिन्याच्या आत बोलावणं आलं. पहिल्या त्रुटीच्या शेऱ्याखाली सही होती. पुढच्या दोन्हींखाली कुणाचीच नव्हती. ते तिथेच लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात दाखला मिळाला. त्यामुळेच मिळाला असं छातीठोकपणे नाही सांगता येणार.

सर्वोच्च न्यायालयाने माहितीचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यात धरलाय, हे मी वाचलेलं होतं. त्या टेबलाशी फाइल हातात घेऊन बसल्यावर ते मला खरं वाटलं.

प्रवेशाची तारीख डोक्यावर असेल तर माहितीच्या उत्तरासाठीचे ३० दिवस परवडत नाहीत, हे मान्य. उत्तरच आलं नाही तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोग, आणि तिथे बराच काळ थांबावं लागू शकतं. तरीही अर्ज दुसऱ्यांदा परत आला, तर तिसरी फेरी मारण्याआधी फाइल पाहायला मागा. माहितीचा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत ठेवा.